विकून आणलेली चिनी मुलगी आयडाहोच्या खाणगावात कशी तगली? (पोकरची गोष्ट बाजूला ठेवून)

प्रश्न थोडक्यात असा आहे: १८७०च्या दशकात चीनमधून विकून अमेरिकेच्या डोंगराळ पश्चिमेत आणलेल्या मुलीवर मराठीत कादंबरी लिहायची आहे. नायिका पॉली बेमिस या प्रत्यक्षात होऊन गेलेल्या चिनी बाईवर बेतलेली आहे आणि तिला पोकरच्या डावात जिंकलं जातं तो प्रसंग कादंबरीच्या मध्यावर ठेवायचा आहे. तर तिची किंमत, प्रवास, रोजचं जगणं, कायदे आणि सुटकेचे मार्ग हे सगळं प्रत्यक्षात कसं होतं?

आधी पोकरचं बघू, कारण तुमचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. जिथे कागद बोलतो ते एवढंच. पॉलीचा जन्म ११ सप्टेंबर १८५३चा, उत्तर चीनमधला. ८ जुलै १८७२ रोजी ती आयडाहो टेरिटरीतल्या वॉरन या सोन्याच्या खाणगावात पोचली, तेव्हा एकोणिसावंही पुरं झालं नव्हतं. १८८०च्या जनगणनेत ती चार्ली बेमिस या दारूगुत्त्याच्या मालकाच्या घरात राहताना दिसते, नोंद ‘विधवा’ अशी. १८९०च्या सप्टेंबरात जुगाराच्या भांडणात जॉनी कॉक्स नावाच्या माणसाने चार्लीच्या गालात गोळी घातली. डॉक्टरने आशा सोडली होती, पॉलीने शुश्रूषा करून त्याला वाचवलं. १३ ऑगस्ट १८९४ला दोघांचं लग्न झालं. या साखळीत पोकरच्या डावाला जागा नाही. तो किस्सा पुढे वर्तमानपत्रांनी आणि गावगप्पांनी फुगवला. १८७२ ते १८८० या काळात ती मालकाच्या हातून कशी सुटली याचा दाखला मिळालेला नाही, आणि लेखक म्हणून तुमची खरी मोकळी जागा तीच आहे. तिथे पत्त्यांचा डाव टाकला की मुलगी पुन्हा एकदा कुणीतरी जिंकायची वस्तू होऊन बसते. कादंबरीचं तुम्ही ठरवा, पण हे सत्य म्हणून मांडू नका. तिच्या चिनी मालकाचं म्हणून जे नाव फिरतं तेही कल्पित लेखनातून आलेलं आहे, ते उचलू नका.

आता विक्री. वृद्धपणी, १९२०च्या दशकात पॉलीने सांगितलेलं छापून आलं आहे: घरात खायला नव्हतं, आईबापांनी विकलं, एका म्हातारीने चोरून पोर्टलंडला आणलं, किंमत अडीच हजार डॉलर. तेव्हाच्या सरकारी भावाने, म्हणजे औंसाला २०.६७ डॉलर धरून, हे १२१ औंस सोनं होतं. आपल्या मापात सव्वातीनशे तोळ्यांच्या आसपास. मध्य पॅसिफिक रेल्वेवर चिनी मजुराला १८६७च्या सुमारास महिन्याला ३५ डॉलर मिळत, त्यातूनच तो स्वतःचं जेवणखाण भागवायचा. म्हणजे एक दमडी खर्च न करता त्याची सहा वर्षांची मजुरी. १८७२च्या मानाने हा आकडा चढाच वाटतो. बंदीचे कायदे येण्याआधी सॅन फ्रान्सिस्कोत मुलीचे भाव साधारण काही शे ते हजार डॉलर असत, हजारापासून तीन हजारांपर्यंतचे भाव नंतरचे. माल आणणं कठीण झालं की भाव चढतो, इतका सरळ हिशेब होता तो. पॉलीचा आकडा वापरायचा असेल तर तिच्या तोंडी, पन्नास वर्षांनंतरची आठवण म्हणून द्या.

मुलगी विकणं म्हणजे भर बाजारात लिलाव, हे चित्र बहुतेक कादंबऱ्यांत येतं. बंदरावर तसे प्रकार झाल्याची वर्णनं आहेत, पण व्यवहाराचा कणा होता करारनामा. १८८६चा एक करार जपला गेला आहे, तो जवळून पाहण्यासारखा आहे. शिन जिन नावाच्या मुलीवर प्रवासखर्च आणि जेवणाचे १,२०५ युआन, म्हणजे ५२४ डॉलर, कर्ज दाखवलंय. ते फेडायला तिने कुंटणखान्यात साडेचार वर्षं काम करायचं. पैशावर व्याज नाही आणि मुलीला पगारही नाही. ‘व्याज नाही’ हे कलम उपकार केल्यासारखं वर लिहिलेलं. खरी मेख पुढे आहे: पंधरा दिवसांहून जास्त आजारी पडली तर एक महिना जादा, गरोदर राहिली तर एक वर्ष जादा, पळाली तर शोधून आणण्याचा खर्च तिच्याच नावावर. खाली तिचा अंगठा. हिशेब करून बघा. साडेचार वर्षं म्हणजे ५४ महिने. एक बाळंतपण आणि दोन आजारपणं धरली की ६८ महिने, आणि हे ती पळाली नाही तर. ज्या कामात आजार आणि गर्भ दोन्ही अटळ, तिथे मुदत संपणार कशी? आपल्याकडच्या वेठबिगारीतलं सावकारी खातं ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. करारावर तिने ‘स्वखुशीने’ काम करायचं कबूल केलं आहे. दक्षिणेतली गुलामी १८६५मध्ये कायद्याने संपली होती, म्हणून ही भाषा. वाचता न येणाऱ्या मुलीचा अंगठा दाखवला की गुलामी नव्हती, नोकरीचा करार होता, असं म्हणायला मालक मोकळा.

याशिवाय दुसरा प्रकार घरकामाच्या मुलींचा, कँटोनीजमध्ये मुइ त्साय. पाच-सात वर्षांची पोर घरात ठेवायची, मोठी झाली की लग्न लावून द्यायचं, असा रिवाज. अमेरिकेत आल्यावर पुष्कळदा लग्नाऐवजी पुढची विक्री व्हायची. नायिका लहान असेल तर हा मार्ग जास्त खरा वाटेल.

मुळात या मुली निघाल्या कुठून? बहुसंख्य चिनी लोक ग्वांगडोंगच्या मोती नदीच्या त्रिभुज प्रदेशातले, विशेषतः तायशान धरून तिथल्या चार तालुक्यांतले. १८५०-६०च्या दशकांत तिथे ताइपिंगचं बंड, लाल फेटेवाल्यांचा उठाव, पुंती (मूळचे स्थानिक) आणि हक्का (बाहेरून येऊन वसलेले) यांच्यातल्या लढाया, आणि त्याआधीपासून अफूने पोखरलेली अर्थव्यवस्था. (त्यातली बरीच अफू माळव्यातून येऊन मुंबईच्या बंदरातून कँटनला जात होती. मुंबईतल्या काही जुन्या श्रीमंतीचा पाया तिथे आहे.) पॉली मात्र उत्तरेकडची. तिचं आडनाव कागदोपत्री नाथॉय आणि हाथॉय अशा दोन्ही रूपांत सापडतं. त्यावरून ती दौर या मंगोलवंशीय जमातीची असावी असा काही अभ्यासकांचा कयास आहे. कादंबरीच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. वॉरनमधले चिनी खाणकामगार दक्षिणेतले, त्यांची बोली तायशानी. उत्तरेकडच्या मुलीला ती कळणं अवघड. म्हणजे आपल्याच माणसांत आली तरी ती मुकीच. गोरे तिला ‘चायनीज’ म्हणून एका खणात टाकत आणि त्या खणातल्या लोकांशी तिचं धड बोलणंही होत नसणार. ओळखीचा प्रश्न तुम्हाला मांडायचाय ना? तो इथून सुरू करा.

नायिकेला कुठल्या वर्षी उतरवता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. १८७२मध्ये पोर्टलंडला उतरली तर चीनमधून येणाऱ्या बाईला अडवणारा केंद्राचा कायदा नव्हता. दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरली तर चित्र वेगळं. ऑगस्ट १८७४मध्ये ‘जपान’ नावाच्या आगबोटीवरच्या बावीस बायका राज्याच्या आयुक्ताने ‘चारित्र्यहीन’ ठरवून अडवल्या आणि प्रत्येकीमागे सोन्यात ५०० डॉलरचा जामीन मागितला. ते प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८७६मध्ये राज्याचा कायदा रद्द झाला, कारण परदेशी माणसांना आत घेण्याचा अधिकार राज्याचा नाही. तोवर मार्च १८७५चा पेज कायदा आला होता, वेश्याव्यवसायासाठी बायका आणण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा. त्यानंतर हाँगकाँगच्या अमेरिकी वकिलातीत बाईची चौकशी होई: वाईट कामाचा करार केलाय का, कुणी पाठवतंय, नवरा कुठे आहे. फोटो लावलेला दाखला मिळाला तरच बोट. तो फोटो सॅन फ्रान्सिस्कोच्या कस्टम अधिकाऱ्याकडे पाठवला जाई आणि उतरताना पुन्हा तेच प्रश्न. गडबड इथे होई. दलाल मुलींकडून उत्तरं घोकून घेत, त्यामुळे विकलेली मुलगी तयारीनिशी बिनचूक उत्तरं द्यायची आणि खरीखुरी बायको घाबरून अडखळायची. अनेक घरंदाज बायकांनी हा अपमान नको म्हणून निघायचंच टाळलं. आकडे पाहा: १८७०मध्ये अमेरिकेत ६३,१९९ चिनी, त्यात बायका ४,५६६. १८८०मध्ये चिनी १,०५,४६५ झाले, बायका फक्त ४,७७९. मग १८८२चा चिनी बहिष्कार कायदा आला, मजुरांना दार बंद. तो उठायला डिसेंबर १९४३ उजाडलं. आनंदीबाई जोशी १८८३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा हा कायदा वर्षभराचा होता. भारतीयांवरची बंदी त्यानंतर चौतीस वर्षांनी आली.

सुटकेच्या मार्गांबद्दल बोलताना शहर आणि डोंगर वेगळे ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोत प्रेस्बिटेरियन मिशनचं आश्रयगृह १८७४पासून होतं. पुढे सॅक्रामेंटो स्ट्रीटवरच्या इमारतीत डोनाल्डिना कॅमेरन १८९५ला रुजू झाल्या. मुलीने चिठ्ठी पाठवायची, पोलिसांना घेऊन धाड घालायची, मुलगी बाहेर काढायची. इथवरचा भाग सिनेमाला बरा. खरी लढाई नंतर. मालक दुसऱ्याच दिवशी मुलीवर दागिने चोरल्याची फिर्याद करायचा, वॉरंट निघालं की ती तुरुंगात आणि तिथून जामिनावर पुन्हा मालकाच्या ताब्यात. नाहीतर ‘आमची मुलगी बेकायदा डांबून ठेवली’ म्हणून हेबियस कॉर्पसचा अर्ज टाकायचा. म्हणून मिशनच्या बायका आधी प्रोबेट कोर्टातून (वारसा आणि पालकत्वाची प्रकरणं पाहणारं कोर्ट) अल्पवयीन मुलीचं पालकत्व मिळवायच्या. वय सिद्ध करायला कागद नसायचा, तिथे पंचाईत व्हायची. आणि आश्रयगृह म्हणजे स्वर्ग नव्हे. दारं बंद, शिवणकाम, इंग्रजी, बायबल, आणि मग चिनी ख्रिस्ती गृहस्थाशी लग्न. तिथूनही मुली पळाल्या आहेत. दुसरीकडे त्याच घरातून टाय लियुंगसारखी बाई घडली, जी १९१०मध्ये एंजल आयलंडवर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, दुभाषी म्हणून लागली आणि १९१२मध्ये मत देणारी अमेरिकेतली पहिली चिनी बाई ठरली. पुढे तिने गोऱ्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. कॅलिफोर्नियात असं लग्न लागत नव्हतं म्हणून वॉशिंग्टन राज्यात जावं लागलं. मग दोघांच्याही नोकऱ्या गेल्या.

वॉरनमध्ये यातलं काहीच नव्हतं. गाव जवळपास १,८०० मीटर उंचीवर, पोचायला खेचरांचा तांडा, हिवाळ्यात बर्फाने वाटा बंद. पळायचं कुठे? तेव्हा सुटकेचा अर्थ गावातच आपली जागा करणं एवढाच उरतो, आणि ती जागा कामाने होते. पॉलीने खाणकामगारांसाठी खानावळ-वजा निवास चालवला, कपडे धुतले, आजाऱ्यांची सेवा केली. सोन्याच्या बारक्या गाठी ठोकून बटणं आणि दागिने करण्याची कला तिच्या हातात होती. पुरुषांच्या गावात धुणं, रांधणं आणि जखमा बांधणं या तीन कामांना रोख पैसा मिळतो. खाणीतल्या पुरुषाला वाळू धुऊन काही मिळेल न मिळेल, धुणाऱ्या बाईला प्रत्येक शर्टामागे मिळायचंच. नायिकेची मिळकत इथून दाखवा.

खाण्यापिण्याचं लिहिताना ‘भाताची पेज’ एवढ्यावर थांबू नका. वॉरनजवळ साल्मन नदीच्या साउथ फोर्कवर चिनी लोकांनी डोंगरउतारावर दगड रचून पायऱ्यांचे मळे केले होते. त्यातला एक आह टॉयची बाग म्हणून ओळखला जातो. तिथली ताजी भाजी गावातल्या गोऱ्यांनाही विकली जाई, आणि हिवाळाभर खारवलेल्या मांसावर राहिलेल्या खाणगावात ताज्या भाजीला मोल असतं. तांदूळ, चहा, सुकी मासळी, सोया सॉस हा माल चीनमधून यायचा. पुरातत्त्वज्ञांना अशा गावांत तपकिरी झिलईच्या मातीच्या बरण्या, बांबूची नक्षी काढलेले भाताचे वाडगे आणि अफूचे पितळी डबे सापडतात. खोलीचं वर्णन करताना हे तीन जिन्नस पुरेत.

हिंसेचं प्रमाण नीट ठेवा. १८७०मध्ये आयडाहोच्या १४,९९९ वस्तीत ४,२७४ चिनी होते, म्हणजे चारातला एकाहून जास्त. ते एकटेदुकटे नव्हते, पण सुरक्षितही नव्हते. १८८५च्या सप्टेंबरात वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्जला २८ चिनी खाणकामगार मारले गेले. त्याच वर्षी आयडाहोच्या पियर्स गावाजवळ पाच चिनी माणसांना जमावाने फासावर लटकवलं. १८८७मध्ये स्नेक नदीच्या हेल्स कॅनियनमध्ये तीसहून जास्त जणांची कत्तल झाली. अशा बातम्या तांड्याबरोबर वॉरनला पोचत असणार. गोऱ्या माणसाच्या घरात राहणं हे प्रेम होतं की आडोसा, हा प्रश्न नायिकेला पडला पाहिजे. दोन्ही असू शकतं. १८८० ते १८९४ ही चौदा वर्षं लग्नाविना गेली, हे विसरू नका.

आणि आता माझ्या मते तुमच्या कादंबरीचा खरा मध्य. १८९२च्या गिअरी कायद्याने प्रत्येक चिनी मजुराने रहिवासाचा दाखला काढणं सक्तीचं केलं. साक्षीदार गोरा आणि भरवशाचा हवा, अशी अटच होती. वर्षभराने ती ‘चिनी सोडून कुणीही’ अशी सौम्य झाली आणि फोटो लावणं आलं. दाखला नसेल तर अटक आणि हद्दपारी. चिनी संघटनांनी नोंदणीवर बहिष्कार टाकला, सर्वोच्च न्यायालयात हरल्या, मुदत मे १८९४पर्यंत वाढली. वॉरनमधल्या चिन्यांची नोंदणी या मुदतीत झालीच नाही. नोंदणी अधिकारी त्या आडगावात पोचला नाही, हे कारण पुढे कोर्टात मांडलं गेलं. तर बघा, ऑगस्ट १८९४मध्ये पॉलीचं लग्न होतं आणि त्याच उन्हाळ्यापासून ती कायद्याच्या नजरेत हद्दपारीला पात्र आहे. नवरा अमेरिकी नागरिक म्हणून ती नागरिक झाली का? नाही. लग्नाने नागरिकत्व मिळण्याची सोय १८५५पासून होती, पण जी बाई एरवी नागरिक होऊ शकते तिलाच. चिनी बाई होऊ शकत नव्हती. गोऱ्या जर्मन मुलीला जे मंगलाष्टकांबरोबर आपोआप मिळायचं ते हिला नाही. १८९६मध्ये मॉस्को इथल्या (हे आयडाहोमधलं मॉस्को) फेडरल कोर्टात तिचं प्रकरण चाललं, निकाल तिच्या बाजूने लागला आणि त्या ऑगस्टमध्ये तिला दाखला मिळाला. वॉरनला येऊन चोवीस वर्षं झाल्यावर तिला तिथे राहायची परवानगी मिळाली! गोळी लागलेल्या नवऱ्याला तिने वाचवलं हे सगळे सांगतात, पण तिला तिथे ठेवलं ते या एका कागदाने. पोकरच्या टेबलाऐवजी हे कोर्ट मध्यावर ठेवून बघा. तिथे निदान ती स्वतः पक्षकार आहे.

नावाबद्दल एक व्यावहारिक सूचना. जनगणनेत ‘आह’ने सुरू होणारी शेकडो नावं दिसतात. ‘आह’ हे नाव नाही, हाक मारतानाची लकब आहे, आपल्या ‘अगं’सारखी. लग्न झालेल्या बाईच्या माहेरच्या आडनावानंतर ‘शी’ लागतं, म्हणजे ‘त्या कुळातली’, कारकुनांनी ते आडनाव समजून लिहिलं. नायिकेचं नाव ‘आह शी’ ठेवलंत तर जाणकार हसतील. ‘पॉली’ हे नाव खाणगावाने ठेवलेलं, आणि गंमत अशी की कोर्टात, दाखल्यावर, लग्नात तेच चाललं.

लग्नानंतरचं आयुष्य थोडक्यात पण नेमकं लिहा. साल्मन नदीकाठच्या मळ्यात मका, द्राक्षं, चेरी, प्लम, कोंबड्या, गाय, आणि नदीत मासेमारी. १९२२मध्ये घर जळालं आणि त्याच वर्षी चार्ली वारला. नदीपलीकडचे शेजारी चार्ली शेप आणि पीटर क्लिंकहॅमर यांच्याशी तिने सरळ व्यवहार केला: तुम्ही माझं घर पुन्हा बांधा, म्हातारपणी बघा, माझ्यामागे जमीन तुमची. त्यांनी बांधलं, तीही १९२४मध्ये परतली. मधल्या काळात ग्रेंजव्हिल आणि बॉइझी पाहून आली, आगगाडी आणि सिनेमा पहिल्यांदाच. ६ नोव्हेंबर १९३३ला ग्रेंजव्हिलमध्ये वारली. शेपच्या रोजनिशीत हवामान आणि पिकांच्या नोंदींत ती येते, त्या धर्तीचा कोरडा आवाज तुम्हाला मधूनमधून वापरता येईल.

शेवटी संवादांचं. तिची छापील मुलाखत मोडक्या इंग्रजीत आहे, पण ती उतरवून घेणारी बाई गोरी होती आणि चिनी माणूस असाच बोलतो अशी तेव्हाची छापण्याची रीत होती. त्याचं तोडकंमोडकं मराठी करू नका, ते विनोदी होतं. ती मनात बोलते किंवा एखादा उत्तरेकडचा माणूस भेटलाच तर त्याच्याशी बोलते तेव्हा घसघशीत, ग्रामीण ढंगाचं, पूर्ण मराठी द्या. गोऱ्यांशी बोलताना वाक्यं आखूड करा, व्याकरण मात्र शाबूत ठेवा. आणि तायशानी माणसांशी बोलताना तिला अर्धं कळत नाही हे दाखवायला एखादं वाक्य अर्ध्यावरच तोडा.